मधला मजला, बेसमेंट नाही, घरात आई आणि लहान मूल: टोर्नेडोचा सायरन वाजला तर काय करायचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे: नोकरीनिमित्त ओक्लाहोमा सिटीजवळ राहायला आलो आहोत. तीन मजली लाकडी अपार्टमेंट आहे, आम्ही मधल्या मजल्यावर, इमारतीला बेसमेंट नाही. घरात आम्ही दोघं, चार वर्षांचा मुलगा आणि गुडघेदुखीने बेजार झालेली आई. मागच्या आठवड्यात सायरन वाजला तेव्हा शेजारी बाल्कनीत उभे राहून मोबाइलवर शूटिंग करत होते. ऑफिसातला एक जण म्हणतो, गाडी काढून दक्षिणेकडे सुटायचं. दुसरा म्हणतो, खिडक्या उघडायच्या आणि बाथरूममध्ये बसायचं. पुढच्या वर्षी घर घ्यायचा विचार आहे, तेव्हा शेल्टर बांधून घ्यावं का?

आधी उत्तर देते, कारणं नंतर. गाडी काढू नका, खिडक्यांना हात लावू नका, बाल्कनीत तर मुळीच जाऊ नका. तळमजल्यावरची आतली, बिनखिडक्यांची एक जागा आजच ठरवा. मग आईंना तुमच्या दारापासून तिथपर्यंत पोचायला किती मिनिटं लागतात ते घड्याळ लावून बघा. बाकी सगळी आखणी त्या आकड्यावरून करायची.

मी स्ट्रक्चरल इंजिनिअर आहे. वादळ होऊन गेल्यावर पडलेल्या इमारती बघायच्या, कुठला जोड आधी सुटला ते शोधायचं, हे माझं काम. त्यामुळे टोर्नेडो मी मुख्यतः त्याच्या मागे उरलेल्या पसाऱ्यातून ओळखते. त्या पसाऱ्यात एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. बाहेरच्या भिंती आडव्या, छप्पर शेजारच्या गल्लीत, सोफा कुठे गेला पत्ता नाही. आणि घराच्या मधोमध एक क्लोसेट, म्हणजे कपडे ठेवायची छोटी खोली, उभं असतं, आत हँगरवर शर्ट इस्त्रीच्या घडीसकट. बघणारे त्याला चमत्कार म्हणतात. पण छोट्या खोलीच्या चारही भिंती एकमेकींना जवळून धरून असतात, त्यांची लांबी कमी असते आणि त्यांच्यावर थेट वारा येण्याआधी बाहेरच्या भिंतींनी तो झेललेला असतो. तुम्हाला शोधायची आहे ती अशीच खोली.

लाकडी घर कसं पडतं हे एकदा समजलं की खिडक्यांचा सल्ला आपोआप निकालात निघतो. जोराचा वारा छपरावरून जाताना छप्पर वर ओढत असतो. तेवढ्याने ते सहसा उडत नाही. पण गॅरेजचं मोठं दार आत दबलं किंवा वाऱ्याकडची खिडकी फुटली की वारा घरात घुसतो आणि छताला आतूनही ढकलायला लागतो. छत्री उलटी होते तसा प्रकार. जुन्या बांधकामात छपराचे वासे भिंतीवर दोन-तीन तिरक्या खिळ्यांनी ठोकलेले असतात. ते वजन खाली पेलायला पुरतात, वर खेचलं जायला नाही. छप्पर सुटलं की भिंतींचा वरचा आधार जातो आणि त्या कोलमडतात. म्हणजे खिडक्या उघडणं हे वाऱ्याला हाताने आत घेणं झालं. ‘आतला-बाहेरचा दाब सारखा झाला नाही तर घर फुटतं’ ही जुनी समजूत आहे. घरात इतक्या फटी असतात की दाबाने ते फुटत नाही, वाऱ्याने मोडतं. शिवाय तुम्ही काचेजवळ उभे आणि हातातली दोन मिनिटं गेली, हा तोटा वेगळाच.

माणसं दगावतात ती बहुतेक उडून येणाऱ्या किंवा अंगावर पडणाऱ्या वस्तूंमुळे. टेक्ससमधल्या लबक शहरात ११ मे १९७० रोजी मोठा टोर्नेडो झाला, २६ जण गेले. त्यानंतर तिथल्या टेक्सस टेक विद्यापीठात यावर पुष्कळ काम झालं. सेफ रूमच्या, म्हणजे वादळात लपण्यासाठी मजबूत बांधलेल्या खोलीच्या, चाचणीत आजही सुमारे पावणेसात किलोची लाकडी फळी तोफेसारख्या यंत्रातून ताशी १०० मैल वेगाने भिंतीवर मारतात. ती फळी म्हणजे तुमच्या-माझ्या घराच्या भिंतीतलंच लाकूड. म्हणून नियम साधा आहे: तुम्ही आणि बाहेरची हवा यांच्यात जितक्या जास्त भिंती घालता येतील तितक्या घाला, जमिनीला जितकं जवळ जाता येईल तितकं जा, आणि डोकं झाका.

धीर येण्यासारखीही एक गोष्ट आहे. अमेरिकेत वर्षाला सरासरी १,२०० च्या आसपास टोर्नेडो होतात आणि त्यांतले बहुसंख्य सौम्य असतात. तीव्रतेची ईएफ मोजपट्टी ० ते ५ अशी आहे. शून्य म्हणजे ताशी ६५ ते ८५ मैल, पाच म्हणजे २०० मैलांच्या वर. ० आणि १ मध्ये छपरावरची शिंगल्स उडतात, झाडं पडतात, काचा फुटतात. तळमजल्यावरच्या आतल्या बाथरूममध्ये बसलेला माणूस बहुधा साधं खरचटल्याशिवाय बाहेर येतो. अगदी ताकदवान टोर्नेडोतही त्याच्या पट्ट्याच्या कडेला असलेल्या घरांना तितका मार बसत नाही. एक लक्षात ठेवा: हा आकडा नंतर ठरतो, आम्ही पडझड बघून वाऱ्याचा अंदाज बांधतो तेव्हा. त्यामुळे ‘छोटाच आहे म्हणे’ असं कुणी त्या क्षणी सांगत असेल तर त्याला ते कळायला काही मार्ग नाही.

आता वेळेचा हिशेब. सगळं गाडं इथेच अडतं.

वॉच आणि वॉर्निंग यांतला फरक तुम्हाला माहीत असेलच, पण घरातल्या सगळ्यांना तो माहीत आहे का? टोर्नेडो वॉच नॉर्मनमधल्या स्टॉर्म प्रेडिक्शन सेंटरमधून निघतो. तो अनेक काउंट्यांसाठी (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा भाग) आणि काही तासांसाठी असतो. हवा अनुकूल आहे, एवढाच त्याचा अर्थ. वॉर्निंग स्थानिक हवामान कार्यालय काढतं, नकाशावर एक छोटा बहुकोन आखून. तिचा अर्थ रडारवर वारा गरगरताना दिसतोय किंवा कुणी टोर्नेडो प्रत्यक्ष बघितलाय. वॉर्निंग आणि टोर्नेडो यांच्यात सरासरी दहा मिनिटांच्या आसपास वेळ मिळतो. ही सरासरी आहे. कधी वीस मिळतात, कधी शून्य.

त्या दहा मिनिटांतून वजाबाकी करा. पहिली दोन-तीन मिनिटं ‘खरंच आहे का’ हे बघण्यात जातात. मिसुरीतल्या जॉपलिनमध्ये २२ मे २०११ रोजी दीडशेहून जास्त माणसं गेली. पहिला सायरन आणि शहरावर आलेला टोर्नेडो यांच्यात वीस मिनिटांहून जास्त अंतर होतं. नंतरच्या सरकारी तपासात दिसलं की पुष्कळ जणांनी सायरन ऐकूनही दुसरी काहीतरी खूण मिळेपर्यंत वाट पाहिली: टीव्हीवर बघू, आकाश बघू, शेजारी काय करतोय बघू. तुमच्या बाल्कनीतले शेजारी तेच करत होते. त्यात धोका असा की टोर्नेडो बऱ्याचदा पावसाच्या पडद्याआड असतो. समोरून नुसती काळी-करडी भिंत सरकत आल्यासारखी वाटते. आकाश हिरवट दिसलं म्हणजे येणारच आणि नाही दिसलं म्हणजे नाही, हेही खरं नाही.

दुसरी वजाबाकी जिन्याची. इथल्या बऱ्याच अपार्टमेंटचे जिने उघडे, इमारतीच्या बाहेरच्या अंगाला असतात. तुमचाही तसाच असेल तर नीट ऐका. या भागातल्या वादळात पुष्कळदा आधी पाऊस आणि गारा येतात, टोर्नेडो त्यांच्या मागे. म्हणजे सायरन वाजेपर्यंत तुमचा जिना निसरडा झालेला असतो आणि डोक्यावर लिंबाएवढ्या गारा. अशा जिन्यावरून गुडघे धरलेल्या बाईंना एकेक पायरी उतरवत न्यायला, कडेवर पोर असताना, पाच-सात मिनिटं सहज जातात. म्हणून तुमच्या घराने सायरनची वाट बघायचीच नाही. धडधाकट माणसाचा आणि तुमच्या आईंचा इशारा एक असू शकत नाही.

माझ्या मते तुमचा क्रम असा असावा. वॉच लागला की सगळ्यांच्या पायात बंद बूट, फोन चार्जिंगला, आईंची औषधं आणि टॉर्च एका पिशवीत. वादळं इथे साधारण नैर्ऋत्येकडून ईशान्येकडे किंवा पूर्वेकडे सरकतात, तेव्हा तुमच्या पश्चिमेच्या किंवा नैर्ऋत्येच्या शेजारच्या काउंटीत वॉर्निंग लागली की आईंना घेऊन खाली. जिना कोरडा आहे तोवर. दहापैकी आठ वेळा काही होणार नाही, तासभर गप्पा मारून वर याल. चालेल.

खाली म्हणजे कुठे? तळमजल्यावरच्या शेजाऱ्यांचं दार आजच वाजवा. इथे कुणाला त्याचं नवल वाटत नाही. वादळात घरात घेणं हा ओक्लाहोमातला शेजारधर्म आहे. दोन घरं पक्की करा, एक कुटुंब गावाला गेलेलं असू शकतं. तुमचं अपार्टमेंट भाड्याने देणाऱ्या ऑफिसात विचारा की वादळात कुठली जागा उघडी असते, रात्री दोन वाजता किल्ली कुणाकडे असते. ‘क्लबहाउसमध्ये या’ असं उत्तर आलं तर आधी ती जागा बघून या. मोठ्या काचा आणि मध्ये खांब नसलेलं रुंद छप्पर असेल तर ती तुमच्या बाथरूमपेक्षा वाईट. त्याच क्लबहाउसची आतली टॉयलेटं मात्र चांगली असू शकतात.

आणि खाली जाणं जमलंच नाही तर? गारा सुरू झाल्या, वॉर्निंग अचानक आली, तर उघड्या जिन्यावर अडकू नका. स्वतःच्याच घरातलं सगळ्यात आतलं बाथरूम किंवा क्लोसेट गाठा, मधली सगळी दारं लावून घ्या. वरचा मजला आणि छप्पर आधी जातं, तुमच्यावर एक मजला आहे, हे त्यातल्या त्यात बरं.

आत बसायची पद्धत सांगते. मुलाला त्याच्या कार सीटमध्ये पट्ट्याने बांधून टबमध्ये ठेवा. घाबरलेलं मूल हातातून निसटतं, सीटमधून निसटत नाही. सायकलचं हेल्मेट सगळ्यांना हवं, मोठ्यांनाही. डोक्याला लागलेला मार हाच जीवघेणा ठरतो आणि हेल्मेट ही त्यातली सगळ्यात स्वस्त वस्तू. आईंना टबमध्ये किंवा फरशीवर बसवायचा हट्ट धरू नका. बुटकं स्टूल आतल्या भिंतीला टेकवून ठेवा, वरून जाड रजई किंवा उशा. गादी ओढून आणणं हे हाताशी असेल तरच, नाहीतर दारात अडकते आणि मिनिटं खाते. एक शिट्टी खिशात ठेवा. ढिगाऱ्याखालून ओरडून घसा बसतो, शिट्टी बराच वेळ वाजवता येते.

आता गाडी. तुमच्या सहकाऱ्याचा सल्ला इथेच ३१ मे २०१३ ला हजारो लोकांनी पाळला. ओक्लाहोमा सिटीच्या पश्चिमेला एल रीनोजवळ २.६ मैल, म्हणजे चार किलोमीटरहून रुंद टोर्नेडो होता. अकराच दिवसांपूर्वी शेजारचं मूर शहर टोर्नेडोने उद्ध्वस्त झालेलं सगळ्यांनी पाहिलेलं, त्यामुळे घर सोडून लोक दक्षिणेकडे निघाले आणि महामार्ग गच्च भरले. टोर्नेडो शहरात शिरला असता तर त्या गाड्यांमधल्या माणसांचं काय झालं असतं ते आमच्या क्षेत्रातले लोक आजही बोलतात. त्याने वळणं घेतली, वेग बदलला आणि टिम सॅमरस, त्यांचा मुलगा पॉल आणि कार्ल यंग हे तिघे त्यात गेले. टिम सॅमरस हे टोर्नेडोचा अभ्यास करणाऱ्यांतले अतिशय सावध समजले जाणारे संशोधक होते. त्यांना चकवलं, तर ट्रॅफिकमध्ये अडकलेल्या आपली काय कथा. त्याआधी १० एप्रिल १९७९ ला टेक्ससच्या विचिटा फॉल्समध्ये ४२ जण गेले, त्यांतले २५ मृत्यू वाहनांशी संबंधित होते. काहींनी मागे सोडलेली घरं जवळपास शाबूत राहिली होती.

रस्त्यातच गाठलं तर महामार्गावरच्या पुलाखाली थांबू नका. या समजुतीमागे १९९१ मध्ये कॅन्ससमधल्या एका पुलाखाली चित्रित झालेला व्हिडिओ आहे. त्यातली माणसं वाचली, पण टोर्नेडो त्यांच्यावरून थेट गेलाच नव्हता. ३ मे १९९९ च्या वादळात, रडारने ताशी ३०० मैलांच्या आसपास वारा मोजला त्या दिवशी, पुलांखाली आसरा घेतलेल्या तिघांचा जीव गेला. पुलाखाली वारा चिंचोळ्या जागेतून आणखी जोरात जातो आणि तुम्ही जमिनीपासून उंच चढून बसलेले असता. त्यापेक्षा जवळची पक्की इमारत गाठा. तीही नसेल तर दोनच पर्याय उरतात आणि दोन्ही वाईट आहेत: पट्टा लावून गाडीतच काचेच्या खाली डोकं घालून राहायचं, किंवा रस्त्यापेक्षा बऱ्यापैकी खोल जागा असेल तर गाडीपासून दूर तिथे पालथं पडायचं. पाणी वाहणारी नाली किंवा रस्त्याखालची मोरी मात्र नको. एल रीनोच्याच रात्री मोरीत लपलेली माणसं पुराने बुडाली.

मोठ्या दुकानात असाल तर पार्किंगकडे धावू नका. लांबलचक भिंतींपासून दूर, आतल्या टॉयलेटमध्ये जा. जॉपलिनमध्ये पेट्रोल पंपावरच्या दुकानात वीसेक माणसं बियरच्या कोल्ड रूममध्ये कोंबून बसली आणि दुकान पडलं तरी वाचली. मोबाइल होममध्ये, म्हणजे कारखान्यात बनवून आणून ठेवलेल्या हलक्या घरात, राहणारे कुणी ओळखीचे असतील तर त्यांना वॉच लागतानाच तुमच्याकडे बोलवा. तिथे बाथरूम, क्लोसेट काही कामाचं नाही. अख्खं घरच उलटतं.

सायरन घरात झोपलेल्यांसाठी नसतो, बाहेर असलेल्यांना आत पाठवण्यासाठी असतो. एसी चालू, दारं बंद, रात्रीचा पाऊस, तर तो ऐकूच येणार नाही. फोनवरचे आपत्कालीन इशारे बंद केले असतील तर आत्ता सुरू करा आणि बॅटरीवर चालणारा वेदर रेडिओ आईंच्या खोलीत ठेवा. शनिवारी दुपारी बाराला वाजतो तो चाचणीचा सायरन. मुलाला ते सांगा, नाहीतर दर शनिवारी रडेल. टीव्हीवरचे हवामानवाले इथे गल्लीबोळासकट सांगतात, उत्तम काम करतात. फक्त ते बघत सोफ्यावर बसून राहायचा मोह टाळा.

मुलगा शाळेत असताना वॉर्निंग आली तर त्याला आणायला निघू नका. मूरच्या प्लाझा टॉवर्स शाळेत २० मे २०१३ ला सात मुलं गेली, हे माहीत असताना हे सांगणं सोपं नाही. त्या शाळेत तेव्हा सेफ रूम नव्हती. नव्याने बांधली तेव्हा केली. म्हणून प्रवेश घेतानाच शाळेला विचारा: मुलांना कुठे बसवता, त्या खोलीवर कसलं छप्पर आहे, ती शेल्टर म्हणून बांधलेली आहे की नुसता कॉरिडॉर आहे. मोघम उत्तर आलं तर दुसरी शाळा बघणं रास्त आहे. आणि वादळाचा दिवस असल्याचं सकाळीच कळलेलं असतं. मनाला पटत नसेल तर त्या दिवशी पाठवू नका.

वादळ गेल्यावरच्या जखमा लोक विसरतात. बूट म्हणूनच आधी घालायचे, कारण ढिगाऱ्यात सगळीकडे खिळे वर करून पडलेल्या फळ्या असतात. गॅसचा वास आला तर दिव्याचं बटणसुद्धा न दाबता बाहेर पडा. लोंबणारी तार मेलेली समजू नका. जनरेटर घरात किंवा गॅरेजमध्ये लावू नका, त्याच्या धुराने झोपेतच माणसं जातात. आणि माती किंवा लाकडाचे कण गेलेली जखम, कितीही लहान, डॉक्टरांना दाखवा. जॉपलिननंतर १३ जखमींच्या जखमांमध्ये म्युकरमायकोसिस हा बुरशीचा संसर्ग झाला आणि त्यांतले पाच दगावले.

आता शेल्टर. हो, घर घ्याल तेव्हा नक्की घ्या. इथली माती चिकणमातीची, पाणी धरणारी, त्यामुळे बेसमेंट क्वचितच मिळेल. गॅरेजच्या फरशीखाली बसवलेली पोलादी पेटी स्वस्त आणि लोकप्रिय आहे, पण तिच्या पायऱ्या खड्या असतात आणि वर गाडी उभी असली तर आत उतरणं आणखी अवघड. तुमच्या आईंना ती उपयोगाची नाही. जमिनीवरची सेफ रूम घ्या, घराच्या आत, सपाट उंबऱ्याची. ‘जमिनीखालीच सुरक्षित’ हा आग्रह जुना झाला. फेमा या अमेरिकेच्या आपत्ती व्यवस्थापन संस्थेच्या पी-३२० मार्गदर्शिकेप्रमाणे किंवा आयसीसी ५०० या शेल्टर बांधणीच्या मानकाप्रमाणे केलेली खोली ताशी २५० मैल वाऱ्यासाठी असते.

विक्रेत्याला भिंतीच्या जाडीपेक्षा दाराबद्दल जास्त विचारा. मला दिसलेल्या गडबडी बहुतेक दाराच्या असतात. चांगल्या भिंतीला बाजारातलं साधं पोलादी दार आणि एक कडी लावून दिलेली असते. दार, चौकट, तीन बिजागऱ्या आणि तीन कड्या असा अख्खा संच एकत्र चाचणी झालेला हवा, आणि त्याचा कागद मागा. खोली काँक्रीटच्या स्लॅबला बोल्टने धरलेली असते, तेव्हा त्या जागी स्लॅब किती जाड आहे हे बसवणाऱ्याने आधी तपासलं पाहिजे. दार आत उघडणारं नसेल तर बाहेर ढिगारा पडून ते अडकू शकतं; आत एक छोटा जॅक ठेवा आणि शेल्टरची नोंद शहराकडे करा, म्हणजे शोधपथकाला कुठे उकरायचं ते कळतं.